विधवांचा वाटा

“उभी राहा, केझिया,” चर्चचे पंच, डीकन थॅचर म्हणाले.

केझियामावशी बसूनच राहिली.

तिच्या झग्याचा घेर गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि त्याचं पाणी चर्चच्या फळ्यांवर ठिबकत होतं. मनगटांना माशांचे खवले चिकटले होते. रविवारची दुपारची उपासना चालली होती, सगळं गाव बाकांवर बसलेलं, आणि तिला दंडाला धरून आत आणणारा माझा सख्खा भाऊ गिडियन दारात टोपी चुरगाळत उभा. बाहेर पायरीवर तिची कावड ठेवली होती. दोन्ही बादल्यांत जिवंत हेरिंग मासे होते. पाळकसाहेब प्रवचन थांबवून गप्प झाले, तशा त्या माशांच्या शेपट्या बादलीवर आपटताना आतपर्यंत ऐकू येऊ लागल्या.

“शब्बाथ मोडलास, देवाचा विसाव्याचा दिवस,” डीकन म्हणाले. “बंदीच्या दिवशी गावाची मासळी चोरलीस. मंडळीसमोर उभी राहा, कबूल कर, क्षमा माग आणि बस खाली. यापलीकडे काही मागत नाही मी.”

“शेवटी बसायचंच आहे ना?” मावशी म्हणाली. “मग उगाच उठबस कशाला? माझे गुडघे दुखतात.”

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. डीकनांचे कान लाल झाले.

आज माझ्या तोंडात चार दात शिल्लक आहेत, पण ती दुपार आठवली की त्या चारांनीही दातओठ खावेसे वाटतात. माझी नात म्हणते, आजी, इतक्या जुन्या गोष्टीचा एवढा राग कशाला? कशाला म्हणजे? राग काय दूध आहे, ठेवलं की नासायला?

तर आमचं गाव मॅसॅच्युसेट्समधलं, समुद्रापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावातून नदी जाते आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं आहे. दर वसंतात समुद्रातून हेरिंग नदीनं वर चढत, तळ्यात अंडी घालत आणि परत जात. पिल्लं शरदात समुद्रात उतरत आणि तीन-चार वर्षांनी मोठी होऊन ह्याच नदीनं, ह्याच तळ्यात परत येत. दुसऱ्या नदीत जात नसत. माहेरची वाट त्यांना कोणी शिकवावी लागत नव्हती.

आणि गावाचा रिवाज असा, की मासळी आली की पहिला वाटा विधवांचा. घरातला कर्ता पुरुष गेला, त्या बाईच्या दारात आधी पिंप भरून यायचं, मग बाकीच्या गावानं जाळं टाकायचं. ही भीक नव्हती बरं का. भिकेला मान खाली घालावी लागते. आमच्या विधवा दारात हात कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या आणि पिंप कमी भरलं असेल तर आणणाऱ्याला चार गोष्टी सुनवायच्या. ते मासे खारवून, धुरावून बाई वर्षभर निभावून न्यायची. कोणाच्या दारात जायची पाळी तिच्यावर येत नसे.

कारण त्या पाळीपलीकडे काय होतं, ते सांगते. लिलाव. ज्यांना पोटाला नाही त्यांचा गावसभेत लिलाव व्हायचा, आणि तोही उलटा. ‘हिला वर्षभर सांभाळायचे मी इतके घेईन,’ असं एक म्हणायचा. दुसरा त्याहून कमी सांगायचा. ज्याची बोली सर्वांत खाली, त्याच्या घरी ते माणूस जायचं. जितकं स्वस्तात घ्याल तितकं कमी खायला घालणार, हे काय सांगायला हवं?

केझियामावशीला मूलबाळ नव्हतं. नवरा जहाजावर गेला तो आलाच नाही. ती माझी नात्यानं कोणी नव्हे, शेजारीण. पण माझी आई गेल्यावर माझी वेणी तिनं घातली होती. तिच्यात आणि लिलावात उभं होतं ते फक्त हेरिंगचं एक पिंप.

मग कंपनी आली. नदीवर धरण बांधलं, धरणाच्या पाण्यावर चाक आणि चाकावर सूतगिरणी. मीही गिरणीत लागले, कशाला खोटं बोलू? माळ्यावर आईचा हातमाग होता. पण बाजारात गिरणीचं कापड इतकं स्वस्त झालं होतं, की घरी विणणं म्हणजे गुडघे आणि डोळे दोन्ही फुकट घालवणं. आधी आम्ही कोंबड्यावर उठायचो, आता घंटेवर. कोंबड्याला निदान कधी झोप तरी लागते.

धरण मधे दगडाचं होतं. डाव्या तीराला मात्र कंपनीनं हात आखडला आणि मातीचाच बांध घातला. आज तिथं बैलगाडी जाईल एवढं खिंडार आहे. पुरानं पाडलं, असं गाव सांगतं. सांगू दे.

कायदा होता, की मासे चढायच्या दिवसांत धरणाचं दार उघडं ठेवायचं. कंपनीचा कारभारी गावसभेत आला. चांगला कोट, गोड जीभ. म्हणाला, “दार उघडलं तर चाक थांबेल. चाक थांबलं तर तुमच्या पोरींची मजुरी थांबेल. यंदाच्या वर्षापुरतं राहू द्या की बंद.” डीकन थॅचरांनी मान डोलावली. डीकनांचा कंपनीत हिस्सा होता. पुरुषांनी हात वर केले. बायकांना हात होते, पण ते वर करायला नव्हते.

आणि वसंतात काय झालं म्हणता? मासळी आली आणि धरणाला येऊन अडली. मागून येणारी पुढच्यांवर चढत होती. पाणी दिसेना, नुसती पाठीला पाठ. जाळ्याचं कामच नाही, टोपली बुडवायची आणि काढायची. असं पीक गावाच्या बापजन्मात कोणी पाहिलं नव्हतं. लोक नाचायचेच बाकी राहिले. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले आणि देवाच्या पाठोपाठ कंपनीचेही. विधवांच्या दारात तीन-तीन पिंपं उतरली.

गिडियन तेव्हा गावानं नेमलेला मासळीचा रखवालदार होता. त्यानं मावशीच्या दारात पिंपं उतरवली, तेव्हा मी तिथंच होते. मावशीनं एक मासा उचलला, अंगठ्यानं त्याचं पोट दाबलं.

“गाभोळीनं भरलाय हा,” ती म्हणाली. “हाही. हाही. सगळ्याच भरल्या पोटाच्या आहेत रे, गिडियन. वर गेल्याच नाहीत.”

“मासळी ती मासळी, मावशी. तिप्पट मिळतीये, घ्या.”

“आणि चार वर्षांनी काय देशील दारात आणून? धरणाचे दगड?”

गिडियन हसला. त्याला कळलं नव्हतं असं नाही हो! हेच तर माझं दुखणं आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, की अंडी वर पडली नाहीत तर खाली मासा येणार नाही. अडाणीपणानं केलं असतं तर मी माफ केलं असतं. पण टोपली भरलेली असली, की माणूस जे माहीत आहे तेही विसरून दाखवतो.

मावशीनं खारवणं सोडलं आणि कावड काढली. आठवडाभर धरणाखाली टोपल्यांची गर्दी असायची. रविवारी मासळीला बंदी, गिरणी बंद, गाव चर्चमध्ये. रविवारी ती धरणाखालून जिवंत मासे बादल्यांत घ्यायची, कावड खांद्यावर, टेकाडाच्या वाटेनं वर, आणि तळ्यात सोडून यायची. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिच्या वयाला! दोन रविवार कोणाला पत्ता लागला नाही. तिसऱ्या रविवारी कोणाला तरी तिची बाकावरची जागा रिकामी दिसली, आणि माझ्या भावाला पाठवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो आमच्याच घरात तयार झाला होता.

तर त्या दुपारी चर्चमध्ये डीकनांचे कान लाल झाले होते, इथवर सांगितलं मी. मला राहवलं नाही. मी उठले.

“चोरी कसली, डीकनसाहेब? मासे तळ्यात सोडत होती ती! माल पुढं नेऊन सोडून देणारा चोर बघितलाय का कोणी?”

“बायकांनी मंडळीत बोलायचं नसतं, जेरुशा.”

“मग तिला काय गाऊन दाखवायला सांगताय?”

पाळकसाहेबांनी पुस्तकावर हात आपटला. शेजारच्या दोघींनी मला झग्याला धरून खाली ओढलं. डीकन मावशीकडे वळले. आवाज एकदम मऊ केला त्यांनी, आणि मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा तो मऊपणा जास्त झोंबला.

“केझिया, कबूल केलं नाहीस तर चर्चच्या मंडळीतून नाव जाईल. विधवांच्या वाट्यातूनही जाईल. पुढं काय होतं ते तुला माहीत आहे. एक शब्द बोलायचाय. ‘चुकले.’ बस.”

मावशीनं झग्याच्या घेराचं पाणी पिळलं. “एनोक,” ती म्हणाली. अख्ख्या गावात त्यांना नावानं हाक मारून अरे-तुरे करणारी ती एकटीच. “तू जन्मलास तेव्हा पाणी मी तापवलं होतं. पायाळू होतास. तुझ्या आईला तू दोन दिवस रडवलंस. ‘चुकले’ म्हणायचं असतं तर मी तेव्हाच म्हटलं असतं.”

आणि ती बसून राहिली. प्रवचन पुढं सुरू झालं, लांबलं, प्रार्थना झाली. आम्ही बाहेर आलो तेव्हा बादल्यांमध्ये कसलाच आवाज नव्हता. मासे पोटं वर करून तरंगत होते. मावशीनं ते एकेक करून गवतावर ठेवले आणि रिकामी कावड उचलून घरी गेली.

घरी मी गिडियनला सोडला नाही.

“लाज वाटली नाही तुला?”

“माझं कामच आहे ते. कायदा—”

“दार उघडं ठेवायचा कायदा कुठं गेला होता? कंपनीपुढं कायद्याची शेळी आणि मावशीपुढं वाघ!”

“तुझी मजुरी त्याच चाकावर आहे, जेरुशा. विसरू नकोस.”

हे खरं होतं, म्हणून जास्त चिडले. हातातली थाळी फेकली. थाळी पत्र्याची होती, तिचं काहीच बिघडलं नाही.

मावशीचा वाटा बंद झाला. हिवाळा तिनं कसाबसा ढकलला. मी नेऊन दिलेलं घ्यायची नाही, ‘तुझं लग्न व्हायचंय, साठव’ म्हणायची. मार्चच्या गावसभेत तिचं नाव लिलावात आलं. तिला पुढं एका स्टुलावर बसवलं होतं. एक शेतकरी म्हणाला, “चालते का धड? लोकर पिंजता येते का?” गाय घ्यायला आल्यासारखं विचारलं त्यानं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

डीकन थॅचर बोलीत सगळ्यांच्या खाली उतरले. का नाही उतरणार? स्वयंपाक, धुणं, लोकर, आजारपणं, सगळ्याला एक बाई, आणि वर गावाकडून पैसे. लोक म्हणाले, बघा किती मोठं मन. जिनं अपमान केला तिलाच घरात घेतलं!

“माझी बोली त्यांच्यापेक्षा कमी,” मी दारातून ओरडले.

“बाईची बोली चालत नाही,” सभाप्रमुख म्हणाले. “घरातला पुरुष बोलत असेल तर बोलू दे.”

सगळ्यांनी गिडियनकडे पाहिलं. गिडियननं आपल्या बुटांकडे पाहिलं.

मावशी डीकनांच्या मागच्या खोलीत राहायला गेली. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकाच्या टोकाला नोकरांच्या जागेवर बसायची. वर्षं जात राहिली. दुसऱ्या वर्षी मासळी आली, अडली, टोपल्या भरल्या. तिसऱ्या वर्षी निम्म्या. चौथ्या वर्षी दहा माणसांच्या वाट्याला एक टोपली. आधीच्या काळी तळ्यात जन्मलेली होती तेवढी परत येत होती आणि मरत होती. गावानं रखवालदाराची जागा रद्द केली. राखायला उरलं काय होतं? विधवांचा वाटा आपोआप बंद पडला आणि लिलावात स्टुलं वाढली. कारभारी म्हणाला, हवामान बदललंय, मासे उत्तरेला गेले असतील. लोकांनी माना डोलावल्या. दार उघडा असं म्हणणारा एक जण निघेना.

त्यानंतरच्या वसंतात मासळी येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. एका शनिवारी मी गिरणीच्या खिडकीपाशी तुटलेलं सूत जोडत होते. खाली पाहिलं तर धरणाच्या पायथ्याशी पाणी चमकत होतं. मासे! फार नाही, घरच्या अंगणात मावतील एवढे. दगडाला तोंड लावायचे, मागं सरायचे, पुन्हा तोंड लावायचे. दाराला धडका दिल्यासारखे.

माझ्या हातातून सूत सुटलं. ही मावशीची होती. धरण झाल्यापासून त्या तळ्यात दुसऱ्या कोणी अंडी पडूच दिली नव्हती. त्या दोन रविवारी कावडीनं वर गेलेल्यांची ही पिल्लं. समुद्र फिरून, मोठी होऊन, सांगितल्यासारखी घरी आली होती.

घंटा होईपर्यंत मला बाहेर पडता आलं नाही. बाहेर पडले तेव्हा पाणी मोकळं होतं. डीकनांचा गडी जाळं झटकत होता. दोन टोपल्या भरल्या होत्या, त्यावर ओलं गवत घालून तो घरी न्यायला निघाला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी मावशीचा चेहरा शोधला. ती तिच्या जागेवर होती. मांडीवर तिनं ॲप्रनचा ओचा घट्ट धरला होता. पाळकसाहेबांचं पहिलं वाक्य संपतं न संपतं तोच ती उठली. कोणी उभी राहा म्हटलं नव्हतं.

“मला कबूल करायचंय,” ती म्हणाली.

पाळकसाहेब थबकले. डीकनांच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरलं म्हणून सांगू! “बोल, केझिया,” ते म्हणाले. “देव दयाळू आहे. उशीर झाला तरी चालतं.”

मावशी बाकाच्या कडेनं त्यांच्यापाशी गेली. त्यांची उंच काळी हॅट शेजारी उलटी ठेवलेली होती. तिनं ओचा त्या हॅटमध्ये रिकामा केला. गाभोळी होती ती. पिवळी, ओली. बसल्या जागेवरून मला वास आला.

“ही माझी,” ती म्हणाली. “ही ज्या माशांच्या पोटातली, त्यांच्या आया मी खांद्यावरून वर नेल्या होत्या, आणि काल संध्याकाळी तू ते मासे माझ्याच हातानं चिरायला लावलेस, एनोक. तुझ्या बायकोनं सुरी दिली आणि म्हणाली, गाभोळी वेगळी काढ, तळायची आहे.” तिनं रिकामा ओचा झटकला. “चार वर्षांपूर्वी तू म्हणालास, चूक कबूल कर. तेव्हा मला चूक सापडेना. आता सापडलीये. मी बादल्या वाहत बसले, ही माझी चूक. भिंतच फोडायला हवी होती. मंडळींनो, चुकले मी. क्षमा करा.”

“बस खाली!” डीकन ओरडले.

“उभी राहा म्हणालास तेव्हा बसले. आता बस म्हणतोयस. तुझं काहीच कसं रे वेळेवर नसतं?”

“बाहेर! माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आत्ताच्या आत्ता हिची दुसरी सोय करा, नाहीतर उद्या पुन्हा लिलाव लावा!”

मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. या वेळी झग्याला कोणी ओढलं नाही.

“उद्या कशाला?” मी म्हणाले. “आत्ताच लावा. सगळं गाव इथंच आहे. माझी बोली घ्या.”

“बाईची बोली—” मागून कोणीतरी सुरुवात केली.

“गावाचा पैसा मागणाऱ्या बाईची चालत नसेल. मी मागतच नाही. मला तुमचा छदाम नको. माझी बोली शून्य. आहे इथं कोणी, याच्याखाली जाणारा?”

मी एकेक बाक पाहत गेले. कारभारी छताकडे बघत होता. पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटत होते. तिप्पट पिंपं घेतलेल्या विधवा आपल्या हातांकडे बघत होत्या. डीकन हॅटकडे. मागच्या बाजूला गिडियन उभा राहिला. मला वाटलं आता हा काही बोलेल. तो दाराशी गेला आणि दार उघडून धरलं. त्याच्याकडून तेवढंच झालं, पण ते झालं.

मी मावशीचा हात धरला आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. रविवार असल्यामुळं गिरणी बंद होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हात धरण दिसत होतं. मावशी मधेच थांबली. ती दगडाकडे बघत नव्हती. डाव्या तीरावरच्या मातीच्या बांधाकडे बघत होती.

“जेरुशा, प्रार्थना संपायला अजून किती वेळ आहे गं?”

“आज? आज तर पाळकसाहेब सगळ्यांना दुपारपर्यंत सोडणार नाहीत.”

ती पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा जरा भरभर.

“तुझ्या घरी कुदळ आहे का?”

“आहे,” मी म्हणाले. “दोन आहेत.”